बाळंतपण घरी ठरवलंत, तर गाडीही ठरवा

(संस्थेच्या आरोग्य विभागातर्फे मेळघाटातील धारणी तालुक्यात मातांची बैठक भरली होती. घरी झालेल्या बाळंतपणांचे अनुभव त्यात मातांनी सांगितले. शेवटी गावच्या आशाताई बोलल्या. कोरकू आणि मराठी मिसळून केलेले त्यांचे भाषण येथे मराठीत देत आहोत.)



सकाळपासून आठ जणींनी आपल्या बाळंतपणाची हकिगत सांगितली. पाच जणींची बाळं घरी झाली, तिघींची दवाखान्यात. इथे कोणी कोणाला रागावलं नाही, याचा मला फार आनंद आहे. घरी बाळंत झालेली बाई सरकारी माणूस दिसला की गप्प बसते. आणि ती गप्प बसली, की तिच्यावर काय गुदरलं ते पुढच्या बाईला कळत नाही.

मी याच गावात राहते. माझी पहिली दोन मुलं घरी झाली, तिसरं दवाखान्यात. बारा वर्षं आशा म्हणून काम करते. काही जणी म्हणतात, दवाखान्यात नेलं की हिला पैसे मिळतात, म्हणून ही मागे लागते. पैसे मिळतात, हे खरं आहे. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं असं मला वाटतं, हेही खरं आहे. पण त्याचं कारण पैसा नाही. माझ्या पिशवीत वजनकाटा आहे, थर्मामीटर आहे. बाईचं रक्त जायला लागलं, तर ते थांबवील असं त्या पिशवीत काहीच नाही. म्हणून मी मागे लागते.

तरी तुम्ही घरी का थांबता, हे आज तुमच्याच तोंडून ऐकलं. दवाखान्यात आपली बोली कोणाला येत नाही. एकीवर कळा येत असताना नर्स ओरडली. दाईला दाराबाहेर बसवलं. घरी दोन लहान मुलं, शेळ्या, म्हातारी सासू. त्यांना कोण बघणार? पावसात नाला भरला की गाडी अलीकडे येत नाही. आणि पोट कापतील ही भीती. यातलं एकही कारण खोटं नाही. बाई अडाणी आहे म्हणून घरी थांबते, असं म्हणणाऱ्यांनी आज इथे येऊन बसायला हवं होतं.

पण पाच जणींच्या हकिगतीत एक फरक होता. तो तुमच्या लक्षात आला का?

एकीची पाणमोट संध्याकाळी फुटली. नवरा मजुरीला बाहेरगावी. सासरे म्हणाले, सकाळपर्यंत बघू. सकाळी गाडी शोधायला माणूस धावला, तेव्हा गाडीवाला बाजाराला गेलेला. दुपारी ती दवाखान्यात पोचली. ती वाचली. बाळ वाचलं नाही. हे सांगताना तिचा आवाज बसला, तेव्हा आपण सगळ्याच खाली बघत होतो.

दुसरीचं बाळ घरी नीट झालं, पण अर्धा तास झाला तरी वार पडली नाही. दाईने वार ओढली नाही, पोट दाबलं नाही. ती म्हणाली, "आता हे माझ्या हातातलं नाही, निघा." गाडीवाल्याशी आठवड्याआधीच बोलणं झालं होतं. नणंद मुलांजवळ राहणार, हेही ठरलेलं. नवऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं, की मी नसलो तर मला विचारायला थांबू नका. तासाभरात ती दवाखान्यात होती. आज ती बाळाला घेऊन तिथे खांबाजवळ बसली आहे.

दोघींनीही बाळंतपण घरीच करायचं म्हटलं होतं. एकीने फक्त घर ठरवलं होतं. दुसरीने घर सोडायची वेळ आली तर काय, हेही ठरवलं होतं.

प्रशिक्षणात आम्हाला तीन उशीर शिकवतात. जायचं की नाही हे ठरवण्यात उशीर, पोचण्यात उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात उशीर. तिसरा उशीर दवाखान्याने कमी करायचा. पहिले दोन आपल्या घरातून कमी होतात, तेही कळा सुरू होण्याआधी.

म्हणून आठवा महिना लागला, की घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. सासूला, नवऱ्याला, दाईला आणि मलाही. चार गोष्टी ठरवा. निर्णय कोण घेणार, आणि तो माणूस घरी नसेल तर कोण? गाडी कोणाची, रात्री ती येईल का, १०८ ला फोन लावायचा तर रेंज कुठल्या टेकाडावर मिळते? मुलं आणि जनावरं कोण बघणार? सोबत कोण येणार, आणि रक्त लागलं तर कोण देणार?

काही जणींनी घरचा विचारच करू नये. पहिलटकरीण, आधी पोट कापलेली, जुळी असलेली, बाळ आडवं किंवा पायाळू असलेली. बीपी वाढलेली, रक्त ७ ग्रॅमपेक्षा कमी असलेली, सिकलसेलचा आजार असलेली. मागच्या वेळी खूप रक्त गेलं होतं तीसुद्धा. ही माहिती तपासणीशिवाय कळत नाही. दिवाळीनंतर कामाला बाहेर जाणाऱ्यांनी आपलं माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. तिथल्या दवाखान्याला तुमचं सगळं त्यावरून कळतं.

आता दायांनो, तुमच्याशी. तुमचा हात आम्हाला हवाच आहे. बाळ घरीच झालं, तर पाच गोष्टी स्वच्छ हव्यात : हात, जागा, नवं पातं, नाळ बांधायचा दोरा आणि कापलेली नाळ. नाळेवर शेण नाही, राख नाही, तेल नाही. बाळ लगेच पुसून कोरडं करा, आईच्या छातीला लावा, तासाभरात चीक पाजा. चीक पिळून टाकू नका. आंघोळीची घाई नको. पोट फुगलं तर भूमकाकडे नेऊन डंबा देऊ नका, मला हाक मारा. तापलेल्या लोखंडाने बाळाचा आजार जात नाही, जखम मात्र होते.

आणि निघायचं कधी? कळा सुरू होऊन बारा तास झाले. पाणमोट फुटली आणि कळाच नाहीत. बाळाचा हात किंवा नाळ आधी बाहेर आली. झटके आले, किंवा डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली. वार अर्ध्या तासात पडली नाही. लुगडं भिजून दुसरंही भिजायला लागलं. यातलं एक जरी झालं, तरी सकाळची वाट बघायची नाही.

घरी जन्मलेल्या बाळाला भेटायला मी सात वेळा येते. पहिल्या दिवशी, मग ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. ही पद्धत गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तुलनेच्या गावांच्या मानाने तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्यासारख्याच बायांनी ते केलं. म्हणून मला दार उघडा, बाळाचं वजन करू द्या.

दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी सरकारी सोय आहे, ती सोडू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून नेणं-आणणं, औषध, रक्त, जेवण आणि ऑपरेशन सगळं मोफत आहे. नाल्यापलीकडच्या बायांसाठी काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे. दिवस भरत आले की काही दिवस आधी तिथे जाऊन राहता येतं. पावसाळ्यात दिवस भरणार असतील, तर आतापासून मला सांगा.

आणि तुमचं म्हणणं मी दवाखान्यात पोचवणार आहे. बाळंतिणीजवळ एक घरचं माणूस असू द्या. कोरकू बोलणारी एक बाई रात्रीही हजर ठेवा. ओरडू नका. आपण या तीन मागण्या लिहिल्या आहेत, खाली तुमचे अंगठे आणि सह्या आहेत. बाई घरी का थांबते असं विचारणाऱ्यांनी आधी त्या वाचाव्यात.

आज इथे सहा गरोदर बाया बसल्या आहेत. उठण्याआधी प्रत्येकीने शेजारणीला तीन नावं सांगा : निर्णय कोणाचा, गाडी कोणाची, मुलं कोणाकडे. जिला एखादं नाव सुचत नसेल, तिने लाजू नये. जेवण झाल्यावर माझ्याजवळ थांबा, आपण मिळून ठरवू. उद्या संध्याकाळी मी तुमच्या घरी येईन आणि तीच तीन नावं तुमच्या सासूच्या तोंडून ऐकेन.