मांसाची बरणी व आमची एक चूक

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य शाळेत गेलेले. व्याख्यान देण्याची आमची योग्यता नव्हे. परंतु आमच्या हातून घडलेली एक चूक ऐकून एखादे घर जरी सावध झाले तरी पुरे, म्हणून आपणांपुढे उभे आहोत.

आमचा नातू वसतिगृहात राहतो. त्याच्यासाठी सूनबाईंनी सुके मटण केले, तेव्हा आम्हीच सुचविले, की ते काचेच्या बरण्यांत भरावे, झाकणे घट्ट लावावीत आणि बरण्या तासभर उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. "मामंजी, टिकेल ना?" असे सूनबाईंनी विचारले. 'उकळल्याने सर्व जंतू मरतात' हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेले. आम्ही ठामपणे होकार दिला. चार बरण्या फळीवर ओळीने लागल्या.

दैवयोगाने त्याच आठवड्यात अमेरिकेत राहणारा आमचा भाचा घरी आला. बरण्या पाहून तो म्हणाला, "मामा, किती दाबावर केल्यात?" आम्ही निरुत्तर झालो.

तिकडे अनेक कुटुंबे मांस घरीच बरणीबंद करतात. परंतु त्यासाठी 'प्रेशर कॅनर' नावाचे मोठे भांडे वापरतात. मांसाला हाच मार्ग सुरक्षित, असे तेथील सरकारी शेतीखाते १९१७ पासून सांगत आले आहे. कारण असे, की मातीत आढळणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जंतूचे बीजाणू १०० अंशांच्या उकळत्या पाण्यातही जिवंत राहू शकतात. त्यांच्या नाशास सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि ती दाबाखालील वाफेतच मिळते.

आमच्या आजीच्या काळी सुकट व बोंबील उन्हात वाळत, मासे मिठात मुरत. त्या रीतींत पदार्थातील पाणी कमी होई. बरणीत नेमके उलट घडते: ओलावा राहतो, हवा जाते, आंबटपणा नसतो. हवा नाही म्हणजे धोका नाही, असे आपण समजतो. परंतु या जंतूला हवा नसलेलीच जागा मानवते. तेथे तो विष निर्माण करतो. त्या विषाने पदार्थाचा रंग वा वास बदलेलच असे नाही. मात्र मज्जातंतू लुळे पडून श्वास थांबू शकतो.

"मग आपला कुकर?" सूनबाईंनी विचारले. स्वयंपाकाचा कुकर लवकर तापतो व लवकर निवतो. कॅनरसाठी ठरविलेला वेळ त्यास लागू पडत नाही. तेव्हा शिट्या मोजून हे काम होणे नाही.

कॅनरमध्ये प्रथम १० मिनिटे वाफ मोकळी सोडतात. वजनाच्या कॅनरात समुद्रकाठच्या गावी १० पौंड दाब, हजार फुटांहून उंच गावी, म्हणजे पुण्यासही, १५ पौंड. मांसाच्या तुकड्यांच्या अर्ध्या लिटरच्या बरणीस ७५ मिनिटे, एक लिटरच्या बरणीस ९० मिनिटे. वर एक इंच जागा मोकळी ठेवतात. हे प्रमाण साध्या मांसाचे आहे. खोबऱ्याचे दाट वाटण घातल्यास उष्णता आतपर्यंत पोचण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून मसाला बरणी उघडल्यावरच घालावा.

त्या चारही बरण्या आम्ही न उघडता जाड पिशवीत बांधून टाकून दिल्या. मटण वाया गेल्याचे सूनबाईंना वाईट वाटले. आम्हांस मात्र नातवाचे तोंड आठवून रात्री झोप आली नाही. आता त्याच्याबरोबर सुकटीची चटणी जाते आणि मटण तो सुट्टीत घरी आल्यावर शिजते.

या सभागृहात आमचे पुष्कळ जुने विद्यार्थी बसले आहेत. त्यांस एकच विनंती आहे. आम्ही फळ्यावर लिहिलेले ते वाक्य त्यांनी मनातून पुसून टाकावे आणि घरी जाऊन आपल्या मुलांस दुरुस्त करून सांगावे.