पन्नास उसांचा एक पेला

श्रोतेहो, गुऱ्हाळावर पेलाभर रस घेतला की त्यात काहिलीतल्या साऱ्या उसांचा अंश येतो. निफ्टीच्या ईटीएफचे तसेच. निफ्टीतल्या 50 कंपन्यांचे शेअर फंड त्याच प्रमाणात घेऊन ठेवतो आणि त्याचे युनिट बाजारात विकले जाते. भारतात हे 2001-02 मध्ये सुरू झाले. कंपन्या पारखण्याचे काम नाही, म्हणून खर्च थोडा. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याच्या भागाशी मात्र याची गल्लत नको. तिथे सभासदाला मत असते, इथे नाही.

एक ऊस किडका निघाला तर रस फारसा बिघडत नाही. पण सगळे शिवारच वाळले तर? 2008 साली निफ्टी निम्म्याहून खाली आला होता. तेव्हा गुरुजी, मुलीच्या फीचा पैसा यात घालू नका. पाटील, तुम्ही बियाण्याचा. पडत्या भावात विकायची पाळी येते ती अशाच पैशावर.