उजेडावर फिरणारी मोटर

मोटर म्हटलं की आपल्याला विहिरीवरची आठवते. लाईट गेली की ती बंद. पण आज सांगते ती मोटर उजेडावर फिरते, आणि केसाच्या जाडीत अशा हजारो मोटरी ओळीनं मावतील.

नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन विद्यापीठात बेन फेरिंगा यांनी १९९९ साली ती बनवली. ती लोखंडाची नाही, एकाच रेणूची आहे. जात्याचा खालचा दगड जागेवर राहतो, वरचा फिरतो, तसंच इथं. रेणूच्या दोन भागांमध्ये एक जोड असते. उजेड पडला की ती जोड वळते. मग उबेमुळं रेणू थोडा पुढं सरकतो आणि मागं फिरायची वाट बंद होते. दोनदा उजेड, दोनदा ऊब, की एक फेरा पूर्ण. २०१६ साली फेरिंगा आणि आणखी दोघांना अशा रेणूयंत्रांसाठी नोबेल मिळालं.

उजेडानं रेणू वळतो हे खरं वाटत नाही? तुमच्या डोळ्यांतही तसा एक रेणू आहे. तो वळतो म्हणूनच आपल्याला दिसतं. तो ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतो. म्हणून तर लेकरांना शेवग्याचा पाला, गाजर, पपई खाऊ घाला म्हणतात.

आता उपयोग. २०२२ साली अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातल्या संशोधकांनी निळ्या उजेडात अशा मोटरी फिरवून जंतूंच्या आवरणाला भोकं पाडली. औषधांना न जुमानणारे जंतूही त्यात मेले. पण हे काम अजून प्रयोगशाळेत आहे. दवाखान्यात आलेलं नाही. म्हणून ‘नॅनो’चं नाव सांगून कुणी पट्टा किंवा दिवा विकायला आलं, तर गटाचा एक रुपयाही देऊ नका.

जंतू औषधांना जुमानत नाहीत, यात आपल्या सवयींचाही वाटा आहे. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, की उरलेल्या डब्यात. पुढं त्याच जावेच्या पोराला. असं करू नका. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या दिवस घ्या, आणि त्यांना विचारल्याशिवाय दुकानातून आणू नका.

येत्या मासिक बैठकीला आशाताई येणार आहेत. घरात उरलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. कोणती गोळी कशाची, ते एकेक करून विचारून घेऊ.