हिवाळा, आम्ही आणि शेजारचे साहेब



‘हिवाळ्यात घरी बसून तन-मन ताजंतवानं कसं ठेवावं’ या विषयावर बोलाल का, असं कार्यकारिणीनं विचारलं तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडं बघून आधी हसलो. आम्ही सॉफ्टवेअरवाले. दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसणं हाच आमचा धंदा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासून व्यायाम या विषयात आमची कायमची एटीकेटी. पण मंडळाला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि आजचा कार्यक्रम मदतनिधीसाठी आहे. शिवाय इथल्या हिवाळ्यानं आम्हाला एकदा चांगलंच आडवं पाडलं होतं. तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार नसला तरी हकीकत सांगायचा आहे. ती सांगतो.

भारतातून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. ‘थंडी किती आहे रे तिकडं?’ आपणही उत्साहानं उणे दोन, उणे तीन असे आकडे सांगतो. खरं म्हणजे थंडीचं एवढं काही नसतं. थंडीवरचा उपाय दुकानात मिळतो. जाकीट, टोपी, हातमोजे, आतून थर्मल. घरं उबदार असतात. आपल्याला गाठतो तो अंधार. डिसेंबरच्या २१ तारखेला अॅमस्टरडॅमला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. म्हणजे पावणेआठ तासांचादेखील दिवस नाही. त्याच दिवशी पुण्यात जवळजवळ अकरा तास उजेड असतो, आणि तोही असा की डोळे बारीक करावे लागतात. आपण १८ अंश अक्षांशावर वाढलेली माणसं ५२ अंशांवर येऊन बसलो आहोत. भूगोलाच्या पेपरात हे दोन मार्कांना होतं, तेव्हा गांभीर्यानं घेतलं नाही.

या अंधाराचा मनावर होणारा परिणाम ही काही नुसती कल्पना नाही. १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या हिवाळी नैराश्याचं शास्त्रीय वर्णन केलं. झोप वाढते, गोड आणि पिठूळ खावंसं वाटतं, माणसांत मिसळणं नको होतं, आणि वसंतात सगळं आपोआप ओसरतं. डच लोक याच्या सौम्य प्रकाराला ‘विंटरडिप’ म्हणतात आणि त्यावर सर्दीपडशासारखं सहज बोलतात. आपण बोलत नाही. आपल्याकडं ‘जरा कंटाळा आलाय’ म्हणतात आणि चहा टाकतात.

आता आमची गोष्ट. साल २०२०, डिसेंबर महिना. कोरोनाचे दिवस. १५ डिसेंबरपासून देशात कडक लॉकडाऊन लागला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळाही बंद. आमस्टलफेनमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. एक लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, दुसरा बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर, आणि सहा वर्षांचं पोरगं या दोन ऑफिसांच्या मधल्या पॅसेजमध्ये शाळा शिकतंय. सकाळी अंधारात मीटिंग सुरू व्हायची, संपेपर्यंत परत अंधार. मधे उजेड येऊन गेला असावा. मोबाइलमध्ये पावलं मोजायची सोय असते, ती एके दिवशी कुतूहलानं उघडली तर दिवसभराची पावलं ६१२. त्यातली निम्मी फ्रिजकडची.

आमच्या दोघांपैकी एकजण त्या महिन्यात हळूहळू बोलायचा बंद झाला. कोण ते सांगत नाही, संध्याकाळी घरी जायचंय. शनिवार-रविवार दहा-दहा तास झोप, तरी डोळे जड. मुलावर उगाच चिडचिड. सांगलीला आईला रोज फोन व्हायचा, तो दोन दिवसांआड झाला, मग ‘मीटिंग आहे’ म्हणून टाळला जाऊ लागला. आम्हाला दोघांनाही वाटत होतं की कामाचा ताण आहे. कोडमधली चूक शोधताना आम्ही एक-एक ओळ तपासतो, पण घरातलं माणूस विझत चाललंय हे तीन आठवडे दिसलं नाही. दिसलं ते सांगलीहून. एके दिवशी व्हिडिओवर आई म्हणाल्या, ‘चार दिवस झाले, तोच स्वेटर बघतेय मी अंगावर. अंघोळी तरी करता का रे?’

आम्ही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू आलं नाही. खरंच तोच स्वेटर होता.

घरच्या डॉक्टरांना फोन केला. इथले डॉक्टर काहीही झालं तरी पॅरासिटामॉल देतात, हा आपल्या मंडळातला आवडता विनोद आहे. तसं काही झालं नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘उजेडात रोज बाहेर किती वेळ असता?’ आम्ही गप्प. मग त्यांनी समजावलं. घरात सगळे दिवे लावले तरी दोन-तीनशे लक्स उजेड होतो. बाहेर अगदी राखाडी, ढगाळ दुपारीसुद्धा काही हजार लक्स असतो. डोळा सरावतो म्हणून फरक कळत नाही, पण मेंदूतल्या घड्याळाला कळतो. रोज अर्धा-पाऊण तास दिवसाउजेडी बाहेर पडा, दोन आठवड्यांनी परत फोन करा, त्यानंही भागलं नाही तर पुढचे उपचार आहेत. काही जणांना खरोखर उपचार लागतात. दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसवतात, समुपदेशन असतं, औषधं असतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. जाता जाता त्यांनी ड जीवनसत्त्वाचंही विचारलं. नोव्हेंबर ते मार्च इथला सूर्य इतका तिरपा असतो की त्वचेत ते जवळजवळ तयारच होत नाही. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या माणसांनी रोज दहा मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, असा इथल्या आरोग्य परिषदेचा सल्लाच आहे. तुमच्यापैकी किती जण घेतात, हात वर करायला सांगत नाही.

इंजिनिअर माणसाला सल्ला मिळाला की तो काय करतो? एक्सेल शीट करतो. आम्ही केली. रंगीत. सकाळी सहा, सूर्यनमस्कार. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून पोचवले, त्यांच्या मुलखाशेजारची आम्ही माणसं, आम्हाला बारा नमस्कार जड का जावेत? पण सहा वाजता नमस्कार घालायचा तर इथं सूर्य अजून पावणेतीन तास यायचा असतो. शेवटी किचनमधल्या ट्यूबलाइटला घातले. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरून ‘धपधप आवाज येतो’ अशी सभ्य चिठ्ठी आली. साडेबाराला फिरणं, त्या वेळेला नेमकी मीटिंग. रात्री वाचन, तोवर डोळे मिटलेले. नवव्या दिवशी शीट उघडायचंच बंद झालं. मुलानं मात्र त्यात स्वतःच्या नावापुढं हिरवे चौकोन भरून ठेवले होते.

त्याच सुमाराला जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. इथं आजीला ‘ओमा’ म्हणतात, आमचा मुलगाही त्यांना तसंच म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. गुडघा सुजला होता आणि हातात पट्टा. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आखूड पायांचा, तपकिरी, अतिशय गंभीर चेहऱ्याचा कुत्रा. ‘आठवडाभर दुपारी ह्याला फिरवाल का?’ असं त्यांनी विचारलं. आम्हा दोघांनाही कुत्र्याची लहानपणापासून भीती. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर मुलगा हो म्हणून बसला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला दारावर नखांचा आवाज. उघडलं तर हे उभे. आम्ही त्यांचं नाव ‘साहेब’ ठेवलं, कारण ते पुढं चालायचे आणि मागं वळून बघायचे नाहीत. साहेबांना मीटिंग कळत नाही, पाऊस कळत नाही, ‘आज जरा बरं वाटत नाही’ हे तर अजिबात कळत नाही. मॅनेजरला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं की साडेबारा ते सव्वाएक मी नाही. तो म्हणाला, ठीक आहे. इतकी वर्षं विचारलंच नव्हतं!

आठवड्याचा महिना झाला. ओमांचा गुडघा काही लवकर बरा झाला नाही. २३ जानेवारी २०२१ पासून रात्री नऊनंतर संचारबंदी लागली, दुसऱ्या महायुद्धानंतर या देशात पहिल्यांदाच. बाहेर दिसलात तर ९५ युरो दंड. पण कुत्र्याला फिरवायला, एकट्यानं, पट्टा हातात धरून, परवानगी होती. त्यामुळं साहेबांची रात्रीची फेरीही आमच्याकडं आली, आणि तीन महिने आम्ही ओस पडलेल्या रस्त्यांवर सरकारमान्य फिरत होतो. जो एकजण बोलायचा बंद झाला होता, तो कुत्र्याशी मराठीत बोलताना सापडला. मुलाच्या शाळेचे वर्ग ८ फेब्रुवारीला उघडायचे, तर आदल्या दिवशी बर्फाचं वादळ. रेड अलर्ट, रेल्वे बंद, शाळा परत बंद. पण त्या आठवड्यात पाणी गोठलं. १२-१३ तारखेला अॅमस्टरडॅमच्या कालव्यांवर माणसं स्केटिंग करत होती. आमच्या घरामागच्या चरावर डच पोरं लाकडी खुर्ची ढकलत स्केटिंग शिकत होती. ओमांनी आपली जुनी खुर्ची दिली. आमचा मुलगा शिकला. आम्ही दोघं खुर्चीसकट पडलो. सांगलीला तो व्हिडिओ पाठवला, तेव्हा आईंचं उत्तर आलं, ‘स्वेटर बदललाय वाटतं.’

मनाच्या व्यायामाबद्दल थोडं बोलायला हवं. पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना प्रिन्सेनग्राख्तवरच्या अॅन फ्रँकच्या घरी नेतो. आम्ही चारदा गेलो होतो, पण दर वेळी जिना, पुस्तकांच्या कपाटामागचं दार, तिकिटाची रांग एवढंच बघून आलो. त्या हिवाळ्यानंतर पाचव्यांदा गेलो तेव्हा वेगळंच लक्षात राहिलं. ६ जुलै १९४२ ते ४ ऑगस्ट १९४४. पंचवीस महिने बाहेर पाऊल नाही. पुढं तिथं आठ माणसं झाली. खाली गोदामात कामगार असेपर्यंत दिवसा जोरात चालायचं नाही, नळ सोडायचा नाही. त्यांच्या आणि आमच्या दिवसांची तुलना करायची नाही, तसं करणं पाप होईल. त्या आठांमधून फक्त अॅनचे वडील परत आले. सांगायचं ते एवढंच, की त्या घरात मुलं लघुलेखन शिकत होती. मोठी बहीण मार्गो टपालानं लॅटिन शिकत होती, ऑफिसातल्या एका मदतनीस मुलीच्या नावावर. धडे यायचे, सोडवून परत पाठवायचे. शनिवारी मीप खीस वाचनालयातली पुस्तकं घेऊन येत, आणि त्या पुस्तकांची आठवडाभर वाट बघितली जाई. म्हणजे बंद कपाटामागंसुद्धा एक धडा वेळेत पाठवायचा होता आणि एक पुस्तक परत करायचं होतं. आमच्या रंगीत शीटमध्ये नेमकं हेच नव्हतं. पलीकडं कुणीच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही घरात दोन गोष्टी लावून घेतल्या. सांगलीचे आजोबा, रोज इथल्या संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे हिवाळ्यात तिकडच्या रात्री दहाला, नातवाला फोनवरून ‘श्यामची आई’चं एक पान वाचून दाखवतात. नातवानं दुसऱ्या दिवशी ते आपल्या शब्दांत सांगायचं. ‘मुखदुर्बळ’ म्हणजे काय, हे आम्हालाही परत विचारावं लागलं. आजोबा दहापर्यंत जागतात, हे आईंना मान्य नाही, पण तेही तिकडं निवृत्तीनंतर खिडकीशी बसूनच असायचे, हे आम्हाला नंतर कळलं. दुसरी गोष्ट म्हणजे डिंकाचे लाडू. इथं डिंक मिळवण्यापासून तयारी. ते वळायला दोन शेजारी कुटुंबांना बोलवायचं. लाडू खाऊन वजन वाढतं हे खरं आहे, पण चार जणांनी मिळून वळले तर वाट्याला कमी येतात.

२०२३ साली ओमा वृद्धाश्रमात गेल्या. तिथं कुत्रा ठेवता येत नाही. साहेब आता आमच्याकडं असतात, रविवारी त्यांना ओमांच्या भेटीला नेतो. त्यांचंही वय झालंय, चाल मंदावलीय, पण साडेबाराला नखांचा आवाज अजून होतो.

शेवटी आजच्या पाकिटाबद्दल. गेली दोन वर्षं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर शनिवारी दुपारी एक वाजता, आम्ही सात-आठ कुटुंबं अॅमस्टरडॅम्से बोसमध्ये बोसबानभोवती चालतो. बोसबान म्हणजे ते लांबच लांब सरळ तळं, नौकांच्या शर्यतींसाठी खणलेलं, १९३७ साली सुरू झालं. महामंदीच्या काळात बेकारांना काम म्हणून हाती फावडी देऊन हे जंगल आणि तळं करून घेतलं. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखंच. एक फेरी सुमारे पाच किलोमीटरची होते. इथल्या शाळांत मुलं ‘स्पॉन्सरलोप’ करतात, प्रत्येक फेरीला आजी-आजोबांकडून पैसे गोळा करतात. तेच आम्ही उचललं. किलोमीटरमागं प्रत्येकी एक युरो डब्यात. जो आला नाही त्याला दोन. मागच्या हिवाळ्यात न आलेल्यांनीच डबा जास्त भरला, आणि त्या यादीत आमचंही नाव तीनदा आहे. तो डबा आज इथं टेबलावर ठेवलाय, अध्यक्षांनी सर्वांसमोर उघडावा.

येत्या शनिवारी यायचं असेल तर बोसबानच्या पार्किंगपाशी एकला पाच मिनिटं कमी असताना भेटा. पाऊस असला तरी आम्ही असतो. हातमोजे आणा, चिवडा आणलात तरी चालेल. फक्त साहेबांना काही खायला देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांनी वजनाबद्दल ताकीद दिलीय.