पावसाआधी चराकडे बघा

कोकणात वर्षाकाठी साधारण 3000 मिलिमीटर पाऊस होतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बागेच्या कडेचा चर घाणेरी-रानमोडीने तुंबलेला असेल, तर हे पाणी बांध फोडून स्वतःची वाट काढतं. म्हणून सफाई मे महिन्यातच उरका.

सफाई म्हणजे चर खरवडून लख्ख करणं नव्हे, बरं का! उभ्या काठावरची झुडपं मुळासकट उपटली की माती मोकळी होते आणि पहिल्या मोठ्या सरीतच काठ ढासळतो. झुडूप बुंध्याशी छाटा, मुळं राहू द्या. फुटवे आले की पुन्हा छाटा. गवत चार बोटं ठेवून कापा. तळातला गाळ मात्र पूर्ण काढा, सुरुवात खालच्या तोंडापासून. तो काठावर रचलात तर पावसात परत आत येणार. त्यापेक्षा माडाच्या आळ्यात घाला.

काठ उघडा पडला असेल तिथे पाऊस स्थिरावल्यावर वाळ्याचे ठोंब लावा, उताराला आडव्या ओळीत, दाट. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात.

आणि सफाई करताना फुरशापासून जपा! हा विषारी साप दगडाखाली, पालापाचोळ्यात असतो. गमबूट घाला, आधी काठी आपटा, हातांऐवजी आकडीने ओढा. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावरचं प्रतिविष तिथे मिळतं.