पाळीची वाट पाहू नका

"लेकरू अंगावर पिते, पाळीच आली नाही, तं दिवस कसे जाईन म्याडम?" बाभुळगाव तालुक्यातल्या बायका मला हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की आज आकाशवाणीवर याच गोष्टीवर बोलायचं ठरवलं. उत्तर सरळ आहे. जातात. पाळी न येताही दिवस जातात.

कसे, ते सांगते. बाईच्या शरीरात आधी बीज तयार होऊन बाहेर पडतं. ते फळलं नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं बीज पहिल्या पाळीच्या आधीच येऊन जाऊ शकतं. पाळी आली की मग बघू म्हणणं म्हणजे एसटी सुटल्यावर स्टँडवर पोचणं. अशी निर्धास्त राहिलेली बाई दवाखान्यात येते तेव्हा पोटातलं चार महिन्यांचं असतं आणि कडेवरचं धड चालतही नसतं. रक्त आधीच कमी, त्यात कापूस वेचायला जायचं.

अंगावर पाजल्यानं संरक्षण मिळतं, हे खरं. पण तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचं दूध हवं. वरचं दूध, पाणी, घुटी सुरू झाली की भरवसा संपला. माझ्या भगिनींनो, पाळीची वाट पाहू नका.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयात संततिनियमनाची साधनं फुकट मिळतात. आशाताई घरी आणून देते तेव्हा निरोधच्या पाकिटाला किंवा गोळ्यांच्या पट्टीला एखादा रुपया पडतो. 1921 साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. ज्यासाठी त्यांनी एवढं सोसलं, ते आज गावातल्या आशाताईच्या पिशवीत आहे. ते मागायला लाजू नका.

तांबी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, नाहीतर दीड महिन्यानंतर. एक पाच वर्षं चालते, दुसरी दहा. नको झाली की कधीही काढता येते. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. अंगावर पाजणाऱ्या आईनं दीड महिन्यानंतर सुरू करायचं. छाया गोळी पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. माला-एन मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत पाजणाऱ्या आईनं घ्यायची नाही. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची गोळी अडचणीपुरती असते, दर महिन्याची नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

हे लिहून आणलेलं नाही, तरी बोलते. तांबी वर छातीत चढते, असं सुनेला सांगणाऱ्या सासूबाईंनो, ती गर्भाशयात असते, छातीत जायला वाटच नाही. कशाला घाबरवता त्या पोरीला? तुम्हीही पाठोपाठची बाळंतपणं सोसली आहेत, तुम्हाला काय सांगायचं? आणि दादा, तुम्ही! बायकोला बाकावर बसवून दवाखान्याबाहेर उभे राहता. देशात लग्न झालेल्या शंभरातल्या सदतीस-अडतीस बायकांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असतं. पुरुषांची नसबंदी मात्र हजार जोडप्यांत तिघांची. लेकरं पुरे झाली असतील, तर बिनटाक्याची नसबंदी करून तुम्ही त्याच दिवशी घरी जाता. ताकद जात नाही, चार-आठ दिवस जड काम टाळलं की झालं. तीन महिने मात्र निरोध वापरा आणि नंतर वीर्य तपासून घ्या.

पुन्हा सांगते, पाळीची वाट पाहू नका. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर ठेवायचं असेल, तर सुरुवात बाळंतपणाच्या खाटेवरूनच करा. तेव्हा राहून गेलं, तर दीड महिन्याच्या लसीला बाळाला न्यालच. त्या दिवशी बाळाचं कार्ड पुढे करताना सिस्टरला एवढंच म्हणा, "आता माझ्यासाठी काय आहे, ते सांगा." बाळाला लस टोचून झाल्यावर तुमचं काम झाल्याशिवाय उठू नका.