समोर येऊन बोला
(आकाशवाणीवरील भाषण)



"आमच्या अण्णांना कामाचं सांगितलं की ऐकू येत नाही, चहा म्हटलं की मात्र बरोबर ऐकू येतं." हे वाक्य आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या कितीतरी घरांत बोललं जातं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. चार माणसं बसलेली असतात, कुणीतरी म्हणतं, सगळे हसतात. शब्द अण्णांना कळत नाहीत, पण हसणारे चेहरे दिसतात आणि ते आपल्याकडे बघून हसतायत एवढं नक्की कळतं. आज मला अण्णांची बाजू मांडायची आहे. हा आरोप खोटा आहे, आणि तो का खोटा आहे हे एकदा समजलं की त्यांच्याशी कसं बोलायचं तेही समजतं.

चहाची वेळ ठरलेली असते. कपबशा वाजलेल्या असतात, आल्याचा वास आलेला असतो, सूनबाई दारात दिसलेली असते. शब्द कानावर पडायच्या आधीच मनानं तो ओळखलेला असतो. याउलट "मोटरची लाईट आज रात्री बाराला येणार आहे, वरच्या वाफ्याचा कॉक आधी फिरवा" हे वाक्य आपण स्वयंपाकघरातून, मिक्सर चालू असताना, सोप्यात बसलेल्या माणसाकडे फेकतो. त्यात अंदाज बांधायला काहीच जागा नसते.

आपल्या आतल्या कानात कॉक्लिया नावाचा भाग आहे. तिथं आवाज टिपणाऱ्या केशपेशी असतात. एका कानात त्या साधारण पंधरा हजार. वयानं, सततच्या गोंगाटानं, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुतेकांच्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी आधी जातात. त्यामुळे स्वर ऐकू येतात, पण स, श, ख, थ, फ अशी व्यंजनं निसटतात. बोलण्याचा आवाज पोचतो, अर्थ पोचत नाही. बाजारात घेवड्याचा भाव कुणी एकशे साठ सांगितला तर कानाला तो एकशे आठ वाटू शकतो. तो माणूस हट्टी नाही, आणि त्याची बुद्धीही कमी झालेली नाही. त्याच्यापर्यंत अर्धाच शब्द आलेला आहे.

मग आपण काय करतो? ओरडतो. ओरडल्यानं स्वर आणखी मोठे होतात, निसटलेली व्यंजनं तशीच निसटतात. शिवाय अशा कानाचं आणखी एक दुखणं असतं. हळू आवाज त्याला ऐकू येत नाही, पण थोडा मोठा झाला की एकदम सहन होईनासा होतो. म्हणूनच ते म्हणतात, "ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?" आपल्याला वाटतं यांचं काही खरं नाही. त्यांच्या दोन्ही तक्रारी खऱ्या असतात. आणि ओरडताना आपला चेहरा रागावलेला दिसतो, ते वेगळंच.

ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या अडचणीचा निम्मा उपाय बोलणाऱ्याच्या हातात आहे. त्याला पैसा लागत नाही. समोर या. दोन-तीन हातांवर थांबा. खांद्याला हात लावा किंवा नावानं हाक मारा, त्यांनी तुमच्याकडे पाहिलं की मग बोला. उजेड तुमच्या तोंडावर असू द्या, खिडकी तुमच्या पाठीशी नको. टीव्ही बंद करा. तोंडात तंबाखू धरून किंवा पदर तोंडाशी धरून बोलू नका, कारण ही माणसं नकळत ओठ वाचत असतात. आधी विषय सांगा: "शाळेच्या फीचं बोलतोय." मग वाक्य बोला, सावकाश पण नेहमीच्या सुरात. समजलं नाही तर तेच वाक्य जोरात म्हणू नका, शब्द बदलून म्हणा. आकडा, तारीख, गावाचं नाव असेल तर बोटांनी दाखवा किंवा कागदावर लिहा. घरात सगळ्यांनी एकदम बोलायचं नाही, हा नियम तर लेकरांनाही लावता येतो.

आणि एक वाक्य मात्र कायमचं सोडा: "काही नाही, तुमचं काही नाही त्यात." मी ज्यांच्या ज्यांच्याशी या विषयावर बोललो त्यांना ऐकू न येण्यापेक्षा हे वाक्य जास्त लागलेलं आहे. घरात लग्नाची बोलणी चालू आहेत, वाटणीपत्राचा कागद फिरतोय, आणि ज्यानं ती जमीन राखली त्यानं विचारलं काय चाललंय, तर उत्तर हे. दोनदा, चारदा असं झालं की माणूस विचारणंच सोडतो. मग पारावर जाणं सोडतो, देवळात जाणं सोडतो. लोक म्हणतात, म्हातारा एकलकोंडा झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळानं 2020 मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता येण्याजोगी बारा कारणं दिली, त्यात श्रवणदोष आहे. 2024 मध्ये त्यांनी ती यादी चौदांवर नेली, त्यातही तो आहे. बोलणं तुटणं हा फक्त मान-अपमानाचा प्रश्न नाही.

माझ्या आत्याचं सांगतो. तिनं भजनाला जाणं बंद केलं होतं. कारण विचारलं तर गुडघे सांगायची. भजनी मंडळातल्याच एका बाईंनी ओळखलं की गुडघे देवळाच्या पायऱ्या चढतात, पण कान साथ देत नाहीत. त्यांनी तिला टाळकऱ्यांपासून लांब, पखवाजाच्या शेजारी बसवलं, कारण जाड, खालचे आवाज तिला अजून चांगले कळत. अभंगाची वही तिच्या मांडीवर उघडून ठेवली आणि चालू ओळीवर बोट. एवढंच. कुठली योजना नव्हती, कुठला शासन निर्णय नव्हता. आत्या पुन्हा एकादशीला जाऊ लागली.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये श्रवणाविषयीचा पहिला जागतिक अहवाल काढला. उपचाराची किंवा आधाराची गरज पडेल इतका श्रवणदोष असलेली माणसं जगात 43 कोटींहून अधिक आहेत, असं तो सांगतो. साठी ओलांडलेल्यांत चारांमागे एकाहून अधिक. म्हणजे तुमच्या वाडीवस्तीवर असं कुणी नाही, हे शक्यच नाही. सुरुवात ओळखायची खूण या रेडिओतच आहे. घरात कुणीतरी आवाज वाढवतंय आणि दुसरं कुणीतरी कमी करतंय असं रोज होत असेल, तर वाढवणाऱ्याचा कान तपासून घ्या. कधीकधी नुसता मळ घट्ट झालेला असतो आणि डॉक्टरांनी तो काढला की काम होतं. केसांचा आकडा, काडी, गरम तेल यांतलं काही कानात घालू नका. लहान मुलाचा कान वाहत असेल तर "मोठं झालं की थांबेल" म्हणून बसू नका. पडद्याचं भोक वेळेत बघितलं तर बरं होतं.

तपासणीसाठी कोरेगावहून साताऱ्याला जावं लागतं, क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो. त्यासाठी उजाडताच एसटी पकडायची, रांग लावायची. ऐकू न येणारा माणूस रांगेत एकटा उभा राहिला तर त्याचं नाव पुकारलेलंच त्याला कळत नाही. म्हणून सोबत कुणीतरी जाणं ही मोठी मदत आहे. शेजाऱ्यांनी, तरुण मंडळाच्या पोरांनी हे अंगावर घ्यावं.

आता मशीनबद्दल. श्रवणयंत्राला आपल्याकडे मशीनच म्हणतात. किती मशिनी फडताळात पडून आहेत! आणि दोष कायम म्हाताऱ्यांवर येतो, "एवढं आणून दिलं, घालतच नाहीत." चष्मा लावला की लगेच दिसतं. मशीनचं तसं नसतं. कित्येक वर्षं न ऐकलेले आवाज एकदम येतात: भांड्यांचे, पंख्याचे, स्वतःच्याच चपलांचे. मेंदूला त्यातून माणसाचं बोलणं पुन्हा निवडायला शिकावं लागतं, आणि त्यात काही आठवडे जातात. पहिले दिवस शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, तास-दोन तास घालायचं. मग हळूहळू अंगणात, मग बाजारात. मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, सैल असेल तर शिट्टी वाजते, तो पुन्हा बसवून घ्यावा लागतो. सेल बदलावे लागतात. पावसाळ्यात घामानं, ओलीनं मशीन बिघडतं, म्हणून रात्री ते ओल शोषणाऱ्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायचं. जाड बोटांना आणि कमी नजरेला हा बारीक सेल बसवता येत नाही. नातवाला येतो. आठवड्यातून एकदा मशीन पुसणं आणि सेल बघणं हे काम नातवाकडे द्या. आणि जत्रेत, रस्त्यावर मिळणारं, सगळेच आवाज सरसकट मोठे करणारं यंत्र घेऊ नका. मशीन तपासणीच्या आलेखाप्रमाणे जुळवून घ्यावं लागतं.

लहान मुलांच्या बाबतीत घाई हवी, आणि तिथंच आपण सगळ्यात जास्त थांबतो. "याचा बापही उशिरा बोलला होता" या वाक्यानं पोरांची वर्षं गेली आहेत. डॉक्टरांचा हिशेब असा आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. बाळाला झोपवून बेरा नावाची तपासणी करतात, दुखत नाही. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, 2013 पासून हा कार्यक्रम चालू आहे. त्यांना आपणहून सांगा की मूल हाकेला वळत नाही. ते पहिल्यांदा लक्षात येतं ते आजीला किंवा अंगणवाडीताईंना, आणि त्यांचं ऐकून घेतलं जात नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न करायची आपल्याकडे चाल आहे. ज्या घराण्यात जन्मतः ऐकू न येणारं कुणी आहे तिथं नात्यातलं लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला. याचा दोष मात्र आईच्या माथी मारू नका.

आपल्या भागात कराडच्या विद्यानगरला डॉ. द. शि. एरम यांच्या नावाचं मूकबधिर विद्यालय आहे. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या मिरजेत भिडे मूकबधिर शाळा आहे. अशा शाळांतले शिक्षक जे करतात त्याला मी मनापासून हात जोडतो. पण एक गोष्ट मला टोचते. घरापासून लांब शिकणारं मूल मित्रांबरोबर हातांच्या भाषेत भांडतं, गोष्टी सांगतं, चेष्टा करतं. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी येतं तेव्हा त्या घरात त्याची भाषा कुणालाच येत नाही. जेव, झोप, ये, जा, एवढ्या चार खुणांवर त्याची सुट्टी जाते. दिल्लीत 2015 मध्ये भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिनं दहा हजार शब्दांचा चित्रफितींचा कोश केलाय आणि तो मोबाईलवर बघता येतो. रोज पाच खुणा आई-बापांनी, भावंडांनी, शेजारच्या दुकानदारानं शिकल्या तर वर्षभरात त्या मुलाशी गप्पा होतील. काही जण सांगतात की खुणा शिकवल्या तर मूल बोलायचं नाही. मला हे पटत नाही. मशीन द्या, कानाची शस्त्रक्रिया होत असेल तर करा, स्पीच थेरपी नेटानं चालवा, आणि खुणाही द्या. भाषेवाचून मूल एक दिवसही राहता कामा नये.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. डीजेसमोर तासन्‌तास नाचणाऱ्या पोरांच्या केशपेशीसुद्धा परत उगवणार नाहीत.

शेवटचा मुद्दा पैशाचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दोन्ही कानांत 70 डेसिबलच्या नुकसानाला कर्णबधिरता मानलंय आणि 60 ते 70 ला श्रवणदोष. तेवढं नुकसान असेल तर सिव्हिलमधून प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचं युडीआयडी कार्ड मिळतं. ज्यांचं नुकसान त्याहून कमी आहे त्यांच्या हाती हा कागद येत नाही, आणि म्हातारपणी ऐकू कमी येणारी बहुतेक माणसं यातलीच. पासष्टी पूर्ण केलेल्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी 2024 पासून मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. तिच्यात साधनं घ्यायला एकदाच 3000 रुपये खात्यावर येतात. त्यात चांगलं मशीन बसणं अवघड आहे, पण मोल्ड आणि सेलांचा खर्च निघतो.

आणि तुमच्या ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, ते बंधनकारक आहे. पुष्कळ गावांत तो मार्च आला की काहीतरी वाटून संपवला जातो. येत्या ग्रामसभेत लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. गावातल्या कार्डधारकांच्या मशिनींचे सेल, मोल्ड आणि दुरुस्ती वर्षभर या निधीतून व्हावी. सिव्हिलला जायच्या दिवशी गाडीचं भाडं त्यातून मिळावं. आणि ग्रामसभेत जो ठराव वाचला जातो तो वाचण्याआधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा, समोरची एक रांग ऐकू कमी येणाऱ्यांसाठी राखावी. फळा शाळेत आहे, खडू आहे. त्याला ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सहीसुद्धा लागत नाही.